माझी बारा वर्षांची साखर

गेल्या महिन्यात डेंग्यूनं पाच दिवस दवाखान्यात काढले. बरा होऊन घरी आलो तर विमा कंपनीचं पत्र हजर : क्लेम नामंजूर, जुना आजार लपवला. डिस्चार्ज कार्ड नीट वाचलं. ताप चार दिवस, मधुमेह १२ वर्षं! शेजारच्या कॉटवरच्या आजोबांची साखर माझ्या कार्डात सांडली असणार. मग त्यांच्या कार्डात काय लिहिलंय, या विचारानं मात्र हसू येत नाही.

रेकॉर्डच्या खिडकीतली पोरगी म्हणाली, "डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे असणार की, सर."

मागं उभे असलेले टोपीवाले मामा लगेच पुढं सरकले. "बारा वर्षं? मला अठरा. गुळाच्या अडतीत दिवाणजी हुतो, मार्केट यार्डात. जन्मभर गूळ मोजला आन् झाली काय, तर साखर!"

"मामा, मला नाहीच आहे."

"पयल्यांदा सगळी असंच म्हणत्यात." त्यांनी माझ्या चपलांकडं बघितलं. "पायाला मुंग्या येत्यात?"

दोन तास उभा होतो, येणारच की. "येतात," म्हणालो, आणि तिथंच केस हरलो. मामांनी रांगेला माझी ओळखच करून दिली : "पावणं लाजत्यात." एका मावशींनी मेथ्या भिजवायला सांगितल्या. एकानं कारल्याचा रस. गूळ चालतो का, यावर दोन तट पडले. कोल्हापुरात गुळाविरुद्ध बोलणं सोपं नाही.

शेवटी पुरावा म्हणून स्वतःच्या पैशानं तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी केली. ६.५ आणि त्यावर असेल तर मधुमेह, माझी ५.४. दुसऱ्या दिवशी तो कागद विजयी वीरासारखा खिडकीत ठेवला.

पोरगी म्हणाली, "छान कंट्रोलमध्ये आहे, सर."

मामा (हे रोज येतात का?) ओरडलेच, "५.४! बारा वर्षांत! आवो, गोळी कुठली?"

रुग्णानं मागितले की ७२ तासांत कागद द्यायचे, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. मला दिले की! चुकीचा कागद अगदी वेळेत मिळाला. दुरुस्तीला मोठ्या डॉक्टरांची सही लागते आणि मोठे डॉक्टर कॉन्फरन्सला गेलेत. बिल भरताना कोणाच्या सहीसाठी थांबवलं नव्हतं.

अर्जावर मोबाईल नंबर लिहिताना मामा खांद्यावरून बघत होते. आज सकाळी साडेसहाला फोन आला.

"पावणं, कुणाला सांगत न्हाई. गोळीचं नाव तेवढं सांगा."