टीएनएफ अडवला की एमएस थांबेल? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमच्या प्रतिक्रियेचा सारांश असा: 'मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएसमध्ये) टीएनएफ हा दाहक रेणू मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणाचा नाश करतो, असं तुम्ही लिहिलंत. माझ्या मावशीला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिससाठी हाच रेणू अडवणारं इंजेक्शन देतात, तिला गुणही आला. मग एमएसवाल्यांना ते का देत नाहीत? तुमचं तरी चुकतंय, नाहीतर डॉक्टरांचं.'

चूक माझी आहे. टीएनएफला मी सरसकट खलनायक ठरवलं. ते वाक्य बदललं आहे.

तुम्हाला पडला तोच प्रश्न संशोधकांनाही पडला होता. लेनरसेप्ट हे टीएनएफ शोषून घेणारं औषध १६८ एमएस पेशंटांच्या चाचणीत वापरून पाहिलं. १९९९ साली निष्कर्ष छापून आले. प्लासिबोवाल्यांपेक्षा, म्हणजे नुसतं दिखाऊ औषध मिळालेल्यांपेक्षा, खरं औषध घेणाऱ्यांना अटॅक जास्त आले, तेही लवकर. अटॅक म्हणजे कुणाची दृष्टी अंधूक होते, कुणाचे पाय लुळे पडतात. त्या पेशंटांचा विचार मनातून जात नाही.

असं का झालं असावं? टीएनएफला पेशींवर दोन रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश घेणाऱ्या दोन जागा, असतात. एकातून दाह भडकतो. दुसऱ्यातून मायलिनची डागडुजी करणाऱ्या पेशी वाढीला लागतात. हे उंदरांमध्ये दिसलं आहे. रेणूच काढून घेतला की डागडुजीही थांबते. २०१२ मध्ये जनुकांच्या अभ्यासातूनही याला दुजोरा मिळाला. एमएसचा धोका वाढवणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे शरीर स्वतःच टीएनएफ अडवणारं प्रथिन तयार करतं!

म्हणून दाहक रेणूंचा दोष नाहीच, असं मात्र नाही. १९८७ मध्ये १८ पेशंटांना इंटरफेरॉन गॅमा हा दुसरा दाहक रेणू दिला, त्यातल्या सात जणांना उपचार चालू असतानाच अटॅक आला. आणि नावाने त्याचंच भावंड असलेलं इंटरफेरॉन बीटा अटॅक कमी करतं. अमेरिकेत १९९३ पासून ते एमएसवरचं औषध आहे. एकेका रेणूचं काम वेगळं तपासावं लागतं, ते असं.

मावशींचं इंजेक्शन मात्र यावरून बंद करू नका. मायलिनला इजा होणं हा त्या औषधांचा दुर्मीळ दुष्परिणाम आहे. घरात कुणाला एमएस असेल तर ते मावशींच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. एका डोळ्याने धूसर दिसू लागलं किंवा हातपाय बधिर झाले, तर पुढच्या डोसची वाट न पाहता दाखवून घ्या.