सापडलं का?

आज सकाळी लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं, "सापडलं का?" गेल्या सहा वर्षांत या बाई माझ्याशी एकदाच बोलल्या होत्या, तेही "गाडी जरा सरळ लावत जा" एवढंच. काल दूधवाल्याने विचारलं. परवा वॉचमनने विचारलं, आणि वर "साहेब, तुमची कचऱ्याची पिशवी मी सोडून बघितली, काही नाही" असा अहवालही दिला.

माझं काहीही हरवलेलं नाही. हे इथे लिहून ठेवतोय, कारण तोंडी सांगून आता कुणाला पटत नाही.

झालं ते असं. घरात होम थिएटर बसवायचं ठरलं. बजेट ४५ हजार. हे हिने ठरवलं आणि मी ऐकलं. रिसिव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा डबा, सेकंड हँड घेतला, बदली झालेल्या एका गृहस्थांकडून. पुढचे दोन स्पीकर आणि मधला एक नवे. मधल्यावर कंजुषी करायची नाही असं सगळे जाणकार सांगतात, कारण संवाद तिथूनच येतात. मागचे दोन कुणाचे तरी उतरलेले आणि एक दहा इंची सबवूफर, म्हणजे नुसता खालचा, घुमणारा आवाज (बास) काढणारा खोका. वायर घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो, तर दुकानदाराने विचारलं, "तांबं पाहिजे का तांब्यासारखं?" मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने दोन्ही वायरी ब्लेडने खरवडून दाखवल्या. एक आतून लाल होती. दुसरी आतून पांढरी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. भाव निम्मा. बजेट आठवून माझा हात पांढरीकडे गेला होता, पण दुकानदार ज्या नजरेने बघत होता त्या नजरेपुढे मी लाल घेतली. टीव्हीमागे एचडीएमआयची तीन भोकं असतात आणि त्यातल्या एकाच भोकातून आवाज परत रिसिव्हरकडे येतो, हे कळायला दोन तास गेले. त्यावर बोलत नाही.

मुख्य भानगड सबवूफरची. बाकी स्पीकर कुठे ठेवायचे ते ठरलेलं असतं, सबवूफरचं नसतं. आमचा हॉल १४ फूट बाय १० फूट. चौदा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला चाळीस कंपनांचा आवाज अडकतो. भिंतीशी तो छाताडावर बसतो आणि खोलीच्या मधोमध पार नाहीसा होतो. एकच स्फोट सोफ्यावर बॉम्बसारखा आणि दोन पावलं पुढे फुगा फुटल्यासारखा. यावर एक जुना, बिनपैशाचा उपाय आहे. सबवूफर उचलून आपण बसतो त्या जागी, सोफ्यावर ठेवायचा, घुमणारं काहीतरी लावायचं आणि आपण गुडघ्यांवर येऊन भिंतीकडेने रांगायचं. जिथे कानाला बास सगळ्यात स्वच्छ लागेल, ती सबवूफरची जागा. आवाजाला जाण्याचा आणि येण्याचा रस्ता सारखाच, एवढं साधं तत्त्व आहे. बिनपैशाचा म्हटल्यावर मी भुललो. त्याची किंमत नंतर कळली.

रविवार, सकाळी अकराची वेळ. ही मंडईत गेलेली. इस्त्रीवाला यायचा होता म्हणून दार नुसतं लोटलेलं. सबवूफर सोफ्यावर दोन उशांना टेकून पाहुण्यासारखा बसला होता आणि मी शोकेससमोर चारी पायांवर, एक कान जमिनीला, डोळे मिटून. डोळे उघडले तर समोर दोन चपला. चपलांच्या वर २०३चे काका.

हे काका वीज मंडळातून निवृत्त झालेत. आले होते तक्रार करायला, त्यांच्या फडताळातली पातेली वाजत होती म्हणून. पण माझी अवस्था बघून ते तक्रार विसरले.

"काय हरवलंय?"

"काही नाही काका. सबवूफरची जागा शोधतोय."

काकांनी सोफ्याकडे बघितलं. "तो तर तिथे बसलाय."

मी उठून बसलो आणि समजावलं. लहरी, भिंती, ४० हर्ट्झ, चौदा फूट, सगळं. काकांनी शेवटपर्यंत मान डोलावत ऐकून घेतलं.

"बरं बरं. पण हरवलंय काय?"

मी पुन्हा समजावलं. या खेपेला हातवारे करून. काकांच्या चेहऱ्यावर दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर असते तशी माया आली. "होतं असं," ते म्हणाले. "सांगायला संकोच वाटतो माणसाला. आमच्या हिचं मंगळसूत्र हरवलं तेव्हा मीही चार दिवस कुणाला बोललो नव्हतो."

इथे मी चूक केली. मला ते घरातून जायला हवे होते, म्हणून मी म्हणालो, "अंगठी."

काका गेले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, धोतराचा सोगा खोचला आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असूनही आमच्या हॉलमध्ये ओणवे झाले. "तुम्ही त्या भिंतीने या, मी या भिंतीने येतो. सोनं जड असतं, कोपरा धरतं." सोनं कोपरा का धरेल हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. सोफ्यावरून सबवूफर घुमतोय आणि दोन प्रौढ पुरुष चौदा फुटी हॉलमध्ये एकमेकांच्या दिशेने रांगतायत. टीव्हीसमोर आमची गाठ पडली, तेव्हा बोलायला काहीतरी हवं म्हणून काकांनी विचारलं, "हा किती वॉटचा?"

"शंभर. आरएमएस, म्हणजे सतत देतो तेवढे."

"एवढाच? आमच्या नातवाच्या टेबलावरच्या डब्यावर दोन हजार लिहिलंय."

"काका, ते पीएमपीओ, म्हणजे फुगवलेला आकडा. दोन हजार वॉट म्हणजे तुमचा गिझर. तो डबा मोबाइलच्या चार्जरवर चालतो."

ज्या माणसाने जन्मभर मीटर तपासले, त्याला तरी हे पटेल असं वाटलं होतं. "पण लिहिलंय ना," काका म्हणाले आणि शोकेसखाली केरसुणी घालू लागले.

केरसुणीने काय काय निघालं! पाचचं नाणं, बुद्धिबळातला एक उंट, तीन सुकलेले हरभरे आणि ज्याच्या नावाने आम्ही सगळे एकमेकांना बोल लावत आलो ते जुन्या रिमोटचं मागचं झाकण. काकांनी एकेक वस्तू टीपॉयवर पंचनाम्यासारखी ओळीने मांडली. मग बाहेरच्या दारापाशी ते थबकले. एक कान दाराला, एक हवेत. "इथे मात्र आवाज चांगला लागतोय हं. गोल आहे. आमच्याकडची पातेली वाजतात तसा नाही."

मी तिथे जाऊन ऐकलं. काका बरोबर होते. अख्ख्या हॉलमध्ये ती एकच जागा बरोबर होती, आणि ती नेमकी दार उघडतं तिथे. सबवूफर तिथे ठेवला तर घरात कुणाला येता येणार नाही, आणि त्या क्षणी मला ती सोय वाईट वाटली नाही.

निघताना काकांना तक्रार आठवली. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि हे नियम २००० सालापासून आहेत, असं त्यांनी मला ऐकवलं. आकडे बरोबर आहेत. पण हेच काका विसर्जनाच्या रात्री गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. खाली ट्रॅक्टरवर बारा-बारा बासचे खोके रचलेले असतात, आमच्या खिडकीच्या काचा चौकटीत थडथडतात आणि पातेली तेव्हाही वाजत असणारच. तेव्हा कुणी ओणवं होऊन विचारत नाही, काय हरवलंय म्हणून. सरकार वर्षातले १५ दिवस रात्री बारापर्यंत लाउडस्पीकरला सूट देऊ शकतं. मला रविवारी सकाळी १५ मिनिटंसुद्धा नाहीत. हे मी काकांना बोललो नाही. बोलायला हवं होतं.

नंतरचं थोडक्यात. रिसिव्हर सोबतच्या माइकवरून स्वतः मोजमाप घेतो, फक्त तेवढा वेळ शांतता ठेवा म्हणतो. आमच्या बिल्डिंगमध्ये शांतता! पहिल्या वेळी आमचाच कुकर झाला, दुसऱ्या वेळी भंगारवाला, तिसऱ्या वेळी वरच्यांचा मिक्सर. तीन मोजमापं तीन तऱ्हेची निघाली, त्यातलं भंगारवाल्याचं मी ठेवलं. सबवूफर शेवटी टीव्हीखाली गेला, म्हणजे सगळ्यात वाईट जागी. हिने त्यावर विणलेला रुमाल घातला आणि मनी प्लांट ठेवला. सिनेमात लढाई लागली की पानं हलतात. आमच्याकडे बास आता बघायचा असतो.

या रिसिव्हरवर आवाज उण्यात मोजतात. शून्य म्हणजे थिएटरचा आवाज. आम्ही उणे चाळीसवर असतो. त्याच्यावर गेलं की ही खोलीतून हाक मारते, खाली आलं की संवाद ऐकू येत नाहीत. शेवटी हिशोब ४७ हजार ६०० वर गेला. एवढे पैसे घालून आमच्या घरात उणे चाळीस आवाज येतो. त्यापेक्षा टीव्हीचा स्वतःचा स्पीकर बरा होता, निदान तो अधिकात होता.

आणि अंगठी. ती बातमी काकांकडून काकूंकडे, काकूंकडून भजनी मंडळात आणि तिथून हिच्याकडे आली. हिने कपाट उघडलं, डबी काढली, साखरपुड्याची अंगठी तिच्यातच होती. बारा वर्षांपासून ती माझ्या बोटात शिरत नाही. ही डबी हातात धरूनच हॉलमध्ये आली.

"ही तर इथे आहे. मग तू कुणाची अंगठी शोधत होतास?"

मी सांगितलं. लहरी, भिंती, ४० हर्ट्झ, चौदा फूट. ऐकताना तिचा चेहरा हुबेहूब काकांसारखा झाला.

तेवढ्यात बेल वाजली. रात्रीचे साडेनऊ झाले होते. दारात काका, हातात मोठी जुनी विजेरी, मागे काकू. "दिवसा उजेडात कळत नाही," काका चपला काढता काढता म्हणाले. "दिवे घालवा. तिरपा प्रकाश टाकला की सोनं बरोबर चमकतं."

मी हिच्याकडे बघितलं. हिने डबी हळूच पदराआड धरली आणि एक अक्षर न बोलता दिवा घालवला.

मी रिसिव्हर बंद केला आणि गुडघे टेकले.