वायर नव्हे हो, अर्थिंग!

प्रीमियर पद्मिनी गाडीचा दिवा मिणमिणला की लगेच ‘वायरिंग बदला’! मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत आधी बिघडतं ते अर्थिंग, म्हणजे दिव्याची वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी, पण तिकडे बघायची तसदी कोण घेणार? ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टला ५ अँपिअर ओढतो. गंजलेल्या सांध्यात नुसता ०.१ ओहम रोध आला तरी अर्धा व्होल्ट तिथेच खलास. दिवा लावा, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी दिव्याच्या अर्थवर. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं की चोर सापडला.

मग काय करतात? गंजावरच स्प्रे मारतात! अहो, गंज आत तसाच. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. अर्थचा स्क्रू सोडवा, रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा दिसू द्या, स्टार वॉशर (पत्र्यात रुतणारा दातेरी वॉशर) घाला, घट्ट आवळा आणि *नंतर* वरून व्हॅसलीन फासा. व्हॅसलीन वीज वाहून नेत नाही, ते फक्त पाणी आणि हवा अडवतं. ढिल्या सांध्यात कोंबून काय उपयोग?

आणि ती काळी चिकटपट्टी! उन्हात डिंक पाझरतो, पावसाचं पाणी आत अडकतं, तांबं हिरवं पडतं. आतून गोंद असलेली, गरम केली की आकसून वायरला घट्ट बसणारी हीट-श्रिंक नळी स्वस्तात मिळते, तरी सगळ्यांचा जीव पट्टीतच. फ्यूजच्या पितळी पट्ट्यांची तर कुणी विचारपूसही करत नाही. फ्यूज काढा, दोन्ही टोकं घासा, पट्टी सैल असेल तर किंचित आत वाकवा. एवढंच तर आहे!