पिवळा बेडूक मादी नसतो, आणि अंडी एका रात्रीत तयार होत नाहीत

मृग लागला की मराठवाड्यातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘पहिल्या पावसात दिसणारे पिवळेधमक बेडूक म्हणजे विषारी माद्या. पावसाचं पाणी पिऊन एका रात्रीत त्यांच्या पोटात अंडी तयार होतात. अंडी घातली की त्या मरतात. पाणी नासू नये म्हणून डबक्यात चुना टाका.’ यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि शेवटचं तर सरळ नुकसानीचं आहे.

पिवळे पडतात ते नर. आपल्याकडच्या मोठ्या बेडकाच्या (होप्लोबॅट्राकस टायगेरिनस) नराच्या गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात. रात्रभर डरावडराव करणाराही तोच. मादी आकाराने मोठी, पण मातकट-हिरवीच राहते, आणि तिला या पिशव्या नसतात. पिवळा रंग विषाचा नाही, विणीचा आहे. हंगाम सरला की उतरतो. डोळ्यांमागे विषाच्या ग्रंथी असतात त्या खरबरीत कातडीच्या भेकाला. तो प्राणीच वेगळा.

बेडूक तोंडाने पाणी पीतच नाही, कातडीतून शोषतो. आणि अंडी? त्यांची तयारी कितीतरी महिने आधी सुरू होते. पावसाळ्यात आणि नंतर मादी किडे खाऊन जी चरबी करते, ती अंडाशयाला लागून बोटांसारख्या पिवळ्या पुंजक्यांत साठते. पुढे इस्ट्रोजेन या मादी-संप्रेरकामुळे यकृत बलकाचं प्रथिन बनवतं, ते रक्तातून येऊन अंड्यांत भरतं. पुंजके आटत जातात, अंडाशय फुगत जातं. मे सरता सरता मादी मातीत दडून बसलेली असते तेव्हाच तिचं पोट अंड्यांनी भरलेलं असतं: प्रत्येक अंडं अर्धं काळं, अर्धं फिकट.

पावसाचं काम त्यानंतरचं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक सुटतं, अंडी अंडाशयातून फुटून पोटाच्या पोकळीत येतात, तिथून फुप्फुसांजवळच्या नरसाळ्यासारख्या तोंडातून अंडवाहिनीत शिरतात. वाहिनीतून सरकताना त्यांच्यावर चिकाचे थर चढतात. हा चीक नसेल तर फलन होत नाही. पोकळीतून थेट काढलेली अंडी वाया जातात. फलन पोटात होतच नाही. नर मागून मादीच्या पुढच्या पायांमागे मिठी मारतो, ती पाण्यात अंडी सोडते आणि तो त्यांवर शुक्राणू सोडतो. एका मादीची अंडी हजारोंनी असतात.

आपल्याकडची खरी अडचण पावसाच्या खंडाची. मृगात एक सर येऊन नंतर आभाळ कोरडं पडलं, तर उथळ डबक्यातली अंडी-पिल्लं वाळून जातात, कारण पिल्लाला बेडूक व्हायला काही आठवडे पाणी टिकावं लागतं. ज्या मादीला पाणीच मिळालं नाही, तिची पिकलेली अंडी अंडाशयातच विरतात आणि शरीरात शोषली जातात. वर्षभराची कमाई गेली, तरी मादी जगते. अंडी घातलेलीही मरत नाही. तिच्या अंडाशयात पुढच्या खेपेच्या बारीक पेशी शिल्लक असतात. पाण्यावरून टणाटण उड्या मारत जाणारा छोटा बेडूक तर एका हंगामात अनेकदा वितो.

आता चुना. बेडकाच्या अंड्याला कवच नसतं, नुसता चीक असतो. चुन्याने पाणी अल्कधर्मी होतं, अंडी आणि पिल्लं मरतात आणि पाणी नासतं ते त्यांच्या कुजण्याने. डबकं तसंच राहू द्या. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असेल तर एका कडेला गोणपाट पाण्यापर्यंत सोडा, म्हणजे गुळगुळीत कागदावरून वर येता न येणाऱ्या माद्या त्यावरून बाहेर पडतील.