नदीला जागा, पण कोणाची?

कर्नाटकात कृष्णा नदीवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची 519.6 मीटरवरून 524.256 मीटर करण्याचा कर्नाटकाचा आग्रह पुन्हा जोर धरू लागल्यापासून सांगली-कोल्हापूरकडच्या बातम्यांमध्ये, निवेदनांमध्ये आणि नातेवाइकांच्या फोनवरही तोच एक विषय असतो. कृष्णा पाणी तंटा लवादाने या उंचीला मान्यता दिलेली आहे आणि महाराष्ट्राचा तिला विरोध आहे. 2005, 2019 आणि 2021 अशा तीन महापुरांत ज्यांची घरे बुडाली, त्यांना त्या वाढीव साडेचार मीटरांमुळे पाणी मागे फुगेल अशी धास्ती वाटणे अगदी रास्त आहे. 2019 नंतर राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टी हे महापुराचे मुख्य कारण नसल्याचा निष्कर्ष काढला. कृष्णाकाठच्या अनेक अभ्यासकांना आणि आंदोलकांना तो मान्य झालेला नाही. या वादाचा निवाडा मी करू शकत नाही. पावसाळ्यात कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचे, हे दोन्ही राज्यांनी मिळून ठरवावे आणि पाळावे, याबद्दल मात्र कोणाचे दुमत नसावे. मला लिहायचे आहे ते अलमट्टीच्या अलीकडच्या, आपल्याच हद्दीतल्या नदीविषयी. सांगलीत वाढल्यामुळे आणि गेली बरीच वर्षे नेदरलँड्समधल्या नायमेखेन शहरात वाल नदीच्या काठी राहत असल्यामुळे या दोन नद्यांची तुलना मला टाळता येत नाही.

ऱ्हाईन नदी जर्मनीतून नेदरलँड्समध्ये शिरते आणि थोड्याच अंतरावर तिचे फाटे होतात. त्यांतला सर्वांत मोठा फाटा म्हणजे वाल. 1993 आणि पाठोपाठ 1995 च्या हिवाळ्यात इथल्या नद्यांना मोठे पूर आले. 1995 मध्ये बांध फुटण्याच्या भीतीने सुमारे अडीच लाख माणसांना आणि त्यांच्या जनावरांना हलवावे लागले. बांध फुटले नाहीत, तरीही शतकानुशतके प्रत्येक पुरानंतर बांध आणखी उंच करत आलेल्या या देशाला त्या हिवाळ्याने वेगळा विचार करायला भाग पाडले. बांध जितका उंच, तितकी त्याच्या आडोशाला वस्ती वाढते, कारण तिथे राहणाऱ्यांना नदीचा विसर पडतो. आणि असा बांध एखाद्या दिवशी फुटलाच, तर होणारी हानी पूर्वीच्या कितीतरी पट असते. म्हणून नदीलाच जास्त जागा देण्याचा कार्यक्रम आखला गेला. तीसहून अधिक ठिकाणी कामे झाली आणि सुमारे 2.3 अब्ज युरो खर्च झाले. सीमेवरच्या लोबिथ गावापाशी सेकंदाला 16,000 घनमीटर पाणी आले तरी ते सुखरूप पुढे जावे, हे उद्दिष्ट होते.

नायमेखेनपाशी वाल वळते आणि त्याच वळणावर तिचे पात्र आवळलेले होते. तिथे समोरच्या लेंट गावाकडचा बांध 350 मीटर आत सरकवण्यात आला आणि जुन्या व नव्या बांधांमधल्या जमिनीत नदीसाठी दुसरा प्रवाह खोदण्यात आला. त्यात सुमारे 50 घरे गेली. पुराची पातळी साधारण 35 सेंटिमीटरने खाली आली. आज त्या प्रवाहात उन्हाळ्यात मुले पोहतात आणि काठाने लोक धावायला जातात. भारतातून आलेले पाहुणे हे पाहून म्हणतात की इथल्या लोकांना निसर्गाशी जुळवून घेणे कळते, आपल्याला ते कधी कळणार?

हे कौतुक मला पटत नाही. डच लोक निसर्गावर आपल्यापेक्षा अधिक प्रेम करतात, असे मला इतक्या वर्षांत दिसलेले नाही. इथल्या बहुतेक नद्या सरळ करून, दगडी काठांत बांधून, मालवाहतुकीचे कालवे होऊन बसल्या आहेत. प्रचंड पशुपालनातून निघणाऱ्या नायट्रोजनने इथली संरक्षित माळराने आणि वने इतकी बिघडली की 2019 साली सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची परवाना पद्धतच रद्द ठरवली. त्यानंतर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन महामार्गांवर उतरले आणि तो प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही. नदीला जागा देण्याचे प्रयत्नही सगळीकडे यशस्वी झाले नाहीत. वारिक आणि हेसेल्ट या वालकाठच्या गावांजवळ पुरासाठी जादा प्रवाह खोदण्याची योजना होती; ती बारगळली आणि तिथे बांधच मजबूत करण्याचे ठरले.

उलट आपल्याकडे ही समज नव्हती, असे म्हणणे कृष्णाकाठावर अन्याय करणारे आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथे पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा त्या दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी लांबलांबून माणसे येतात. पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती उंचावरच्या जागी हलवली जाते आणि ओसरले की परत आणली जाते. नदी आत येणार, हे गृहीत धरूनच त्या देवस्थानाचा रिवाज बसलेला आहे. सांगलीच्या आसपास नदीलगतच्या मळीच्या जमिनीत वांगी आणि भाजीपाला होई, कारण पावसाळ्यात ती जमीन नदीची आणि पुढचे आठ महिने माणसाची, ही वाटणी सर्वांना ठाऊक होती. पुराने आणलेल्या गाळामुळेच त्या वांग्यांना चव आहे, असे माझी आजी सांगायची.

ही वाटणी मोडली ती माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवणारी निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या जलसंपदा विभाग आखतो. निळ्या रेषेच्या आतले क्षेत्र बांधकामाला निषिद्ध आणि दोन रेषांमधले नियंत्रित. नकाशावर हे स्पष्ट आहे. प्रत्यक्षात सांगलीत सखल भागांत गुंठ्या-गुंठ्याने भूखंड विकले गेले, नैसर्गिक नाले बुजले किंवा गटारांएवढे उरले, आणि पुढे गुंठेवारी कायद्याने त्यांतली बरीच बांधकामे नियमित झाली. कोल्हापूरच्या बाजूला महामार्गाच्या आणि पुलांच्या भरावांनी पंचगंगेचे पसरणारे पाणी अडवले. पुण्यात मुळा-मुठेच्या काठाचे जे सुशोभीकरण चालू आहे, त्यावरचा मुख्य आक्षेपही हाच आहे की दोन्ही काठांना भराव घालून नदीचे पात्र आवळले जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी, जिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे, तिथे पाणी 57 फुटांच्या वर गेले. त्याच पावसाळ्यात त्याच जिल्ह्यातल्या जत आणि आटपाडी तालुक्यांत माणसे टँकरच्या पाण्यावर होती.

दोन हवामानांतला फरक मी विसरलेली नाही. नेदरलँड्समध्ये वर्षभरात सुमारे 850 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिन्यांत विखुरलेला असतो, तर कोयनेच्या खोऱ्यातल्या नवजाला किंवा महाबळेश्वरला चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरचा आकडा अनेकदा ओलांडला जातो. 350 मीटर बांध सरकवून जे नायमेखेनला साधले, ते तसेच्या तसे कृष्णेवर साधणार नाही. शिवाय आता पाऊस दोन्हीकडे बदलतो आहे. 2021 च्या जुलैच्या मध्यावर इथल्या लिम्बर्ग प्रांतात मास नदीला आणि तिच्या उपनद्यांना पूर आला. नंतरच्या आठवड्यात चिपळूण बुडाले आणि कृष्णा-पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर आल्या. मास नदीचे पात्र आधी रुंद केलेले असल्यामुळे तिच्या काठची शहरे बऱ्यापैकी निभावली. गुल या लहान उपनदीच्या काठावरच्या फाल्केनबर्ख गावाची मात्र दैना झाली. सीमेपलीकडे जर्मनीत त्याच पावसाने 180 हून अधिक माणसे मेली. देश संपन्न असला म्हणून पाण्याने कोणाला वगळले नाही.

मग इथून घेण्यासारखे काय आहे? माझ्या मते खोदलेल्या प्रवाहापेक्षा, त्या प्रवाहाखाली ज्यांची जमीन गेली त्यांच्याशी जे बोलणे झाले, त्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे. नदीला जागा द्यायची म्हणजे ती कोणाकडून तरी घ्यायची. दक्षिणेकडे मास नदीच्या एका फाट्यावर ओव्हरडीप नावाचा बांधबंदिस्त शेतीचा पट्टा आहे. हा पट्टा मोठ्या पुरात बुडू द्यायचा, असा शासनाचा विचार पुढे आला तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच प्रस्ताव मांडला: जुनी घरे आणि गोठे पाडा, बांधाच्या कडेला मातीचे उंच ओटे घाला, त्यांवर आम्ही नवी घरे बांधू, आणि पंचवीस वर्षांतून एकदा पाणी आमच्या शेतांतून जाऊ द्या. जवळपास निम्म्या कुटुंबांनी मोबदला घेऊन तो पट्टा सोडला, उरलेली ओट्यांवर राहायला गेली. याला बरीच वर्षे लागली, कटुताही आली. पण कोणाचे घर जाणार, त्याला काय मिळणार आणि कधी मिळणार, हे पाणी येण्याच्या आधी ठरले होते.

हे शक्य झाले त्याला एक कारण आहे. इथे पाण्यासाठी स्वतंत्र निवडून आलेली मंडळे आहेत. त्यांतली काही तेराव्या शतकापासून चालत आलेली आहेत आणि आज देशभर अशी 21 पाणीमंडळे आहेत. ती स्वतःचा कर लावतात, बांध राखतात, पाण्याची पातळी ठरवतात. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यामुळे इथल्या संसदेसाठी मी मत देऊ शकत नाही. पाणीमंडळासाठी मात्र देते, कारण बांध फुटला तर पाणी माझ्याही घरात येणार आहे. सांगलीत पूररेषा जलसंपदा विभाग आखतो, बांधकामाला परवानगी महापालिका देते, पंचनामा महसूल खाते करते, रस्त्याचा भराव महामार्गवाले घालतात आणि शेरी नाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळते त्याचा जाब कोणाला विचारावा, हे नागरिकांना अजून उमगलेले नाही. नदीकाठी राहणाऱ्याने मत द्यावे आणि हिशेब मागावा, असे एकही व्यासपीठ नाही.

‘नदीला जागा द्या’ ही मागणी आता महाराष्ट्रातही ऐकू येते आणि ती योग्य आहे. मला भीती वाटते ती तिच्या अंमलबजावणीची. निळ्या रेषेच्या आतली बांधकामे काढायची ठरली तर बुलडोझर पहिल्यांदा कोणाच्या दारात जाईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. गुंठ्यावर घर बांधलेला हमाल किंवा रिक्षाचालक नियम मोडणारा ठरेल, आणि वरच्या अंगाला भराव टाकून उभ्या राहिलेल्या गृहसंकुलाच्या फायली न्यायालयांत वर्षानुवर्षे फिरत राहतील. परदेशात राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांचा पैसाही या संकुलांत आहे. नदीचे दृश्य दिसणारी सदनिका आम्ही इथे बसून घेतो, पण पूररेषा कुठून जाते हे विचारणारा ग्राहक विरळा असतो. ती माहिती विकत घेणाऱ्याने शोधत फिरण्याची वेळच येऊ नये. निळी आणि लाल रेषा प्रत्येक सातबाऱ्यावर आणि मिळकत पत्रिकेवर नोंदवली गेली पाहिजे, म्हणजे व्यवहाराच्या आधीच दोन्ही पक्षांना ती दिसेल. याला ना लवादाची परवानगी लागते, ना शेजारच्या राज्याची.

नदीकाठच्या उसाच्या शेतकऱ्याकडे जमीन किंवा पूर वाहू देण्याचा हक्क मागणे त्याहून कठीण आहे, आणि त्याचे कारण त्याचा हट्ट किंवा अज्ञान नव्हे. त्याच्या आठवणीत कोयना आहे. कोयना धरणासाठी ज्यांची गावे शिवसागर जलाशयाखाली गेली, त्यांतल्या अनेकांच्या मुलानातवंडांना साठ वर्षांनंतरही जमिनीसाठी आंदोलने करावी लागली; श्रमिक मुक्ती दल आणि भारत पाटणकर यांनी तो लढा इतकी वर्षे का चालवला, हे कृष्णाकाठी सर्वांना माहीत आहे. त्याच कोयनेचे पाणी कराडला कृष्णेत येते, त्याच धरणाच्या दरवाज्यांकडे सांगलीकर दर पावसाळ्यात श्वास रोखून पाहतात, आणि त्या धरणासाठी ज्यांनी सर्वस्व दिले त्यांचे देणे थकलेले आहे. हे पाहिलेला शेतकरी शासनाच्या कागदावर अंगठा देणार नाही, आणि त्याने तो देऊ नये, असेच मी त्याला सांगेन. डच शेतकऱ्याने ओट्याचा प्रस्ताव मांडला, कारण ठरलेले पैसे ठरलेल्या वर्षी मिळतील यावर त्याचा विश्वास होता. तो विश्वास आपल्याकडे विधानसभेतल्या ठरावाने येणार नाही. कोयनेच्या शिल्लक प्रकल्पग्रस्तांच्या हातात त्यांच्या जमिनीचे सातबारे पडेपर्यंत कृष्णाकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याकडे नदीसाठी एक गुंठाही मागायला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.