त्या चौकात एकाच माणसाला माफी नाही

रविवारी रात्री दिग्दर्शक पिएत्रो जर्मीचा 'सिन्योरे ए सिन्योरी' दुसऱ्यांदा पाहिला. १९६६ चा कृष्णधवल इटालियन चित्रपट, त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळालेला. पहिल्यांदा पोट धरून हसले होते. या वेळी त्यातल्या तीन गोष्टींपैकी मधलीपासून हसूच येईना.

चित्रीकरण व्हेनिसजवळच्या त्रेव्हिजोमधलं. डॉक्टर, व्यापारी, बँकेतले लोक आणि त्यांच्या बायका रोज त्याच चौकात, त्याच कॅफेत जमतात. उंची कोट, गाड्या, रविवारी चर्च आणि एकमेकांच्या घरात लफडी. हा चौक मी नंतर शोधून पाहिला. ७ एप्रिल १९४४ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, अमेरिकन विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले. हजाराहून जास्त माणसं गेली. चौकातला शेकडो वर्षं जुना पलाझ्झो दे त्रेचेंतो हा वाडा ढासळला, तो युद्धानंतर पुन्हा उभारला. म्हणजे पडद्यावरच्या चाळिशीतल्या माणसांनी तरुणपणी ते ढिगारे पाहिलेत. आणि बावीस वर्षांनी त्यांना भीती कशाची, तर चारचौघांत हसं होण्याची!

तीन गोष्टी आहेत. पहिलीत एकजण आपल्याला नपुंसकत्व आल्याचं डॉक्टर मित्राला खोटंच सांगतो. डॉक्टर ते खदाखदा हसत गावभर करतो, आणि इकडे त्याचीच बायको या मित्राबरोबर. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्या गावाचा खरा धर्म.

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हारी लागली. बिझिगातो बँकेत कारकून, घरी सुखाचा घास नाही. कॅफेच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मिलेनावर त्याचं प्रेम बसतं. तो लपवाछपवी करत नाही, घर सोडतो. झालं! स्वतः दहा ठिकाणी शेण खाणारे सगळे एक होतात. बायको, मित्र, चर्च, नोकरी, सगळीकडून कोंडी. इटलीत तेव्हा घटस्फोटच नव्हता, तो आला डिसेंबर १९७० मध्ये. लपून केलं असतं तर कोणी ब्र काढला नसता. त्याचा आनंद उघडा होता, तेवढाच गुन्हा. गास्तोने मोस्किनने हा माणूस असा काही उभा केलाय, की 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागातला दादागिरी करणारा फानुची हाच, हे पटत नाही. आणि मिलेना झालेली व्हिर्ना लिझी! तिच्या सुंदर चेहऱ्याबद्दल सगळे बोलतात, मला तिचं गप्प राहणं आठवतंय.

तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र माझं जर्मीशी भांडण आहे. खेड्यातून आलेल्या मुलीला गावातले प्रतिष्ठित एकामागून एक भोगतात. ती अल्पवयीन निघते, बाप तक्रार करतो, मग पैसे देऊन तोंड बंद. ढोंग छान उघडं पडतं, पण त्या मुलीला काय वाटलं हे कॅमेरा विचारतच नाही. तिथे मला हसवायला नको होतं.

तरी जर्मीची एक गोष्ट मी फार मानते. आधीचे त्याचे दोन गाजलेले चित्रपट इटलीच्या दक्षिणेकडच्या सिसिलीतले. ते पाहून उत्तरेकडच्या लोकांना 'ते तिकडचे मागासलेले' असं म्हणायची सोय होती. मग त्याने कॅमेरा उचलला आणि थेट त्यांच्याच श्रीमंत, सुसंस्कृत चौकात आणून ठेवला. कथेत त्याच्या जोडीला लुचानो व्हिंचेंझोनी होता, आणि तो तर त्रेव्हिजोचाच. आपल्याच गावाबद्दल हे लिहायला किती धैर्य लागलं असेल!

कुठे सबटायटल्ससह मिळाला तर नक्की पाहा. कॅफेतली माणसं खिदळत असतील तेव्हा त्यांच्या आसपासच्या इमारतींकडे एकदा नजर टाका.