खोल खणा, म्हणजे प्रश्न गाडला जाईल

सांगलीत गल्लोगल्ली तुंबणाऱ्या पाण्यावर कायमचा इलाज हवाय ना? मग नालेसफाईचं नाव काढू नका. त्यात ना फोटो धड येतो, ना टेंडर मोठं होतं. सरळ पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली बोगदा मागा. त्यासाठी आधी शाफ्ट लागतो. शाफ्ट म्हणजे विहीरच, फक्त पाणी लागलं की पेढे वाटायचे नसतात.

टोकियोजवळ असे पाच आहेत, सुमारे ७० मीटर खोल, ६.३ किलोमीटरच्या बोगद्याने जोडलेले. काम १९९३ ला काढलं, २००६ ला पुरं झालं. तेरा वर्षं ऐकून दचकू नका; तेवढ्यात आपला सर्व्हे नक्की होईल.

आधी गोल काँक्रीटची भिंत जमिनीत उतरवायची, मग आतली माती काढायची. उलट केलंत तर काळी माती आपणहून आत येते, शेजारच्या पार्किंगसकट. तळाचा स्लॅब वजनदार हवा, नाहीतर खालचं पाणी त्याला उचलतं. कृष्णाकाठी त्या पाण्याला आमंत्रण लागत नाही.

आत उतरण्याआधी हवा तपासा. (हे मात्र थट्टेवारी नेऊ नका.) सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीचं पेव, म्हणजे जमिनीतलं कोठार, उघडलं की जुनी माणसं लगेच उतरायची नाहीत, हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायची. विझला, की वरच थांबायचं. आता त्यासाठी मीटर मिळतो. तो साइटवरच्या कपाटात कुलपात असतो, खराब होऊ नये म्हणून. त्याच पेवांत २००५ च्या महापुराचं पाणी शिरलं. म्हणजे भूमिगत साठवणीचा प्रयोग आपण हळदीसकट करून बसलोय.

एखादा खडूस हिशोब मांडेलच. टोकियोचा बोगदा दहाएक मीटर व्यासाचा, त्यात मावतं पाच लाख घनमीटर; धरणातून लाख क्युसेक सुटलं तर तीन मिनिटांत भरेल. त्याला सांगा, हा महापुरासाठी नाहीच, गल्लीतल्या पावसासाठी आहे. मग तो विचारेल, आयर्विन पुलापाशी नदी ४५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून वाहत असताना उपसलेलं पाणी सोडणार कुठं? अशा वेळी चहा मागवा.

भूमिपूजनाची जागा तेवढी बघून घ्या. आमच्या कॉलनीत मागे एका कामाचा मांडव नेमका गटारीच्या जाळीवर घातला, वर हिरवं कार्पेट. वळवाची सर आली. नारळ तरंगत तरंगत पाहुण्यांच्या खुर्चीपर्यंत गेला, आणि पाहुणे चपला हातात घेऊन भाषण करत राहिले.